हत्तीसाठी नेलेला ऊस

सोमवारी शाळेत सगळ्यांनी विचारलं, प्राणिसंग्रहालय कसं आहे, पोरांना न्यावं का. मी म्हटलं, न्या. छोटं आहे, सावली भरपूर आहे, अस्वल बघण्यासारखं आहे, हत्ती नाही. एवढं सांगून मी वर्गावर गेलो. बाकीचं सांगितलं नाही, कारण ते मलाच नीट कळलेलं नव्हतं. लिहिताना कळेल असं वाटलं होतं. ज्यांना जायचं असेल त्यांना निदान रस्त्याची माहिती तरी मिळेल.

कळसाडी: आखणी

मी शहाद्याच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. दर हिवाळ्यात शाळेची सहल माझ्याकडेच असते, त्यामुळे सहल आखणं हे आपल्याला जमणारं काम आहे असा माझा समज होता. घरच्यांची सहल ही वेगळी गोष्ट असते हे कोणी सांगितलं नव्हतं.

कळसाडीतलं आमचं घर वाटलं गेलं त्याला दोन वर्षं झाली. भांडण असं झालंच नाही, कोणी आवाजही चढवला नाही. थोरला भाऊ भास्कर, ज्याला मी दादा म्हणतो, तो जुन्या घरात राहिला. मी त्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाला नवं घर बांधलं. मध्ये मारुतीचा पार आणि हातपंप. तेव्हापासून दादाने आमच्या घरचं पाणी प्यायलेलं नाही आणि आम्ही त्याच्या घरचं. घर सोडून मी गेलो, म्हणून बोलावणं मी करावं असं त्याला वाटतं. तो थोरला, म्हणून पाऊल त्याने टाकावं असं माझ्या घरात म्हणतात. पारावर भेटलो की पाण्याच्या पाळीबद्दल, कापसाच्या भावाबद्दल बोलतो, आणि मग तो एकीकडे जातो, मी दुसरीकडे.

माय दोघांकडे राहते. एक महिना तिकडे, एक महिना इकडे. हा बेत माझा. तिला तारखा समजत नाहीत पण चंद्र समजतो, म्हणून मी अमावास्या धरली. अमावास्येला दिवस मावळायच्या सुमारास ती आपलं बोचकं काखेला मारून गल्लीतून निघते. हिरव्या शालीत कपडे, वाकळ, गोळ्या आणि अन्नपूर्णेची मूर्ती. बोचकं कोणाला उचलू देत नाही. ओट्यावर बसलेल्या बायका म्हणतात, आज माय बदलनी. मला ही व्यवस्था अगदी न्यायाची वाटली होती. शाळेच्या वेळापत्रकासारखी.

सहलीचं मूळ माझी मुलगी तनू. ती चौथीत आहे. तिने प्राणिसंग्रहालयाचा हट्ट धरला आणि वर अट घातली, ओम येणार असेल तरच. ओम दादाचा मुलगा, तिच्याच वर्गातला. मला एकदम वाट दिसल्यासारखं झालं. प्राणिसंग्रहालय ना दादाचं ना माझं. तिथे कोणी कोणाच्या दारात जात नाही. दोन्ही घरं एका गाडीत बसतील, दुपारी एका पंगतीत जेवतील, आणि एकदा जेवले की पुढचं आपोआप होईल. मला एवढंच हवं होतं, दादाने माझ्यासोबत बसून एकदा जेवावं.

पण हे सरळ सांगायची हिंमत झाली नाही. मी दादाला म्हणालो, मायला वाघ बघायचाय. मायला म्हणालो, दादाने गाडी ठरवलीय. वहिनींना सांगितलं, तुम्ही काही करू नका, डबा वैशाली आणते म्हणाली. आणि वैशाली, म्हणजे माझी बायको, म्हणाली की त्यांनी आपल्यासाठी आजवर काय केलंय, तेव्हा मी सांगून बसलो की वहिनी स्वतःहून सगळ्यांचा डबा आणणार आहेत. तिचा चेहरा मऊ झाला. तो चेहरा बघून मला इतकं बरं वाटलं की खरं सांगायचं उद्यावर टाकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा उद्यावर. असं करत रविवार उजाडला.

पहाटे गाडी आली. शहाद्याच्या सलीमभाईंची क्रुझर. शाळेच्या सहलीला बस पुरली नाही की आम्ही त्यांनाच बोलावतो.  डबा कोणाकडेच नाही हे आता कळणार. तेवढ्यात दादाच्या घरातून माय आली, तिच्या हातात भलं मोठं गाठोडं. पांढऱ्या धुतल्या धोतराच्या फडक्यात, चार टोकं ताणून मारलेली गाठ. आमच्याकडे भाकरी अशाच बांधतात. मी मनात म्हटलं, सुटलो. वहिनींनी केलंच काहीतरी. वैशालीने ते गाठोडं बघितलं आणि वहिनींकडे बघून चक्क हसली. वहिनीही हसल्या.

सलीमभाई गाठोडं टपावर टाकायला निघाले. माय म्हणाली, "ऱ्हाऊ दे रे भो. मन्हा मांडीवर ऱ्हाई."

सगळ्यांत शेवटी दादा आला, खांद्यावर उसाची मोळी घेऊन. मी विचारलं, हे कशाला. तो म्हणाला, हत्तीसाठी. कोणाकडे जायचं तर रिकाम्या हाताने कसं जायचं. तिथे हत्ती आहे का हे मला माहीत नव्हतं. पण त्याच्याशी पहिल्याच वाक्याला नाही म्हणायला नको, म्हणून मी म्हणालो, बरं केलंस.

प्रकाशा

प्रकाशाला पोहोचलो तेव्हा तापीवर धुकं होतं. पुलावर गाडी हळू झाली. खाली घाटावर माणसांची रीघ, बायका ओल्या लुगड्यांनी पायऱ्या चढत होत्या. मी म्हणालो, आज एवढी गर्दी कशाची? सलीमभाईंनी आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"अमावस शे ना, सर. मास्तर लोके कॅलेंडर देखतस का नही?"

सगळे हसले, दादासुद्धा. मी कॅलेंडर बघितलं होतं, पण फक्त रविवार बघितला होता. म्हणजे संध्याकाळी माय आमच्याकडे येणार. मी मनातल्या मनात जुळवलं, परत आल्यावर तिचं बोचकं दादाकडून आणता येईल. मायने खिडकीतून नदीत नाणं टाकलं आणि हात जोडले. गाठोडं मांडीवरून घसरलं तसं ओमने धरलं. ती म्हणाली, धर बरं, पण दाबू नको.

तनू आणि ओम मागच्या बाकावर बसले होते. आधी दोघं दोन खिडक्यांना होते. प्रकाशा सुटल्यावर एका खिडकीत होते. वैशाली आणि वहिनी मधल्या बाकावर, मायच्या दोन बाजूंना. दादा सलीमभाईंशेजारी पुढे, आणि मी मागे पोरांबरोबर, सहलीतल्या मास्तरांसारखा. नंदुरबार ओलांडलं, मिरचीचा ठसका गाडीत आला, सगळे एकदम शिंकले. त्या शिंकांनी गाडीतलं वातावरण जेवढं मोकळं झालं तेवढं माझ्या कुठल्या बोलण्याने झालं नव्हतं.

नवापूरच्या पलीकडे

नवापूरकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साग लागतो. आमच्याकडची सपाट काळी जमीन संपते आणि टेकड्यांवर कुडाची, कौलांची घरं विखुरलेली दिसतात. प्रत्येक घर आपापल्या शेतात, दुसऱ्या घरापासून लांब. वहिनी म्हणाल्या, यांना शेजाऱ्यांचा त्रास नाही. वैशाली म्हणाली, त्रास नाही तसा आधारही नाही. यातून काही निघेल म्हणून मी कान देऊन राहिलो, पण दोघी मग वांग्याच्या भावाकडे वळल्या.

हद्द ओलांडून आम्ही गुजरातेत चहाला थांबलो. तिथे चहा बशीत ओतूनच देतात, आणि बशी रिकामी झाली की न विचारता पुन्हा भरतात. दादाने तीन बशा प्यायल्या. त्याला वाटलं दुकानदार आग्रह करतोय. आग्रह करणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं अशी आमच्याकडची रीत, म्हणून तो पीत राहिला. शेवटी सलीमभाईंनी त्याच्या हातातून बशी घेतली आणि उपडी घातली.

प्राणिसंग्रहालय तिथून फार लांब नाही. एका तळ्याकाठी, मोठ्या झाडांत. फाटकावरचा पहारेकरी म्हणाला, खाण्याचं काही आत न्यायचं नाही. उसाची मोळी बघून त्याने कपाळाला हात लावला. दादाने विचारलं, हत्ती कोठे आहे. तो म्हणाला, हत्ती नाही.

दादा माझ्याकडे वळला. "हत्ती नही ते ऊस कोनले देवाना?"

 सलीमभाई ऊस पुन्हा गाडीत घेऊन गेले. मग पहारेकऱ्याने मायच्या गाठोड्याकडे बोट केलं. आत भाकरी आहेत, दुपारी लागतील, आत उघडणार नाही, असं मी त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं. खोटं बोलतोय हे मलाही माहीत नव्हतं. म्हातारीच्या तोंडाकडे बघून त्याने सोडलं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: आत गेल्यावर डावीकडून सुरुवात करावी. हरणं आधी लागतात, मग मोर, मग साळिंदर, जे दिवसा झोपलेलंच असतं. मगरीच्या डबक्यापाशी पोरं बराच वेळ थांबली. ती हलेना. ओम म्हणाला प्लॅस्टिकची आहे, तनू म्हणाली जिवंत आहे. शेवटी मगरीने एक डोळा मिटला, आणि ती नक्की काय होती यावरून दोघं येताना गाडीत झोप लागेपर्यंत भांडली. अस्वल मात्र खरोखर चांगलं. ते सारखं उभं राहून येणाऱ्यांकडे बघतं, आणि आपलीच पाहणी चाललीय असं वाटतं.

बिबट्याची मादी एकच होती. दादा जाळीपाशी उभा राहून म्हणाला, "हाई ते आपला ऊसमा फुकट दिखस. आठे तिकीट काढीसन देखनं पडस." गेल्या हंगामात आमच्या शिवारात बिबट्या होता, त्यामुळे त्याला नवल नव्हतं. मायला मात्र होतं. ती जाळीसमोरच्या ओट्यावर गाठोडं घेऊन बसली आणि उठेना. त्या मादीला दोन आवारं होती, मध्ये सरकतं दार. आम्ही असताना तिथला माणूस एक आवार झाडायला आला. त्याने दार उचललं, दुसऱ्या बाजूला मांस टाकलं, आणि ती मुकाट पलीकडे गेली. दार खाली पडलं.

मायने त्याला विचारलं, हिचं घर कोणतं. त्याला आमची अहिराणी कळली नाही. ओमने हातवारे करून समजावलं. तो म्हणाला, "बन्ने."

"दोन्ही," ओमने सांगितलं.

माय म्हणाली, "हां." आणि गाठोडं सावरून उठली. मला तेव्हा काहीच कळलं नाही. मी घड्याळ बघत होतो. जेवायची वेळ झाली होती आणि माझ्या मनात फक्त पंगत होती.

चिंचेखाली

फाटकाबाहेर एक मोठी चिंच आहे. सलीमभाईंनी सतरंजी टाकली. वहिनी पोरांना घेऊन हात धुवायला नळावर गेल्या. दादा बसला. मी त्याच्या शेजारी बसलो. दोन वर्षांत पहिल्यांदा आम्ही एका सतरंजीवर होतो. वैशालीने मायला म्हटलं, आणा, मी वाढते. माय तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती थकली. मीच गाठोडं पुढे ओढलं आणि गाठ सोडली.

आत हिरवी शाल होती. शालीत दोन लुगडी, वाकळ, गोळ्यांची पिशवी आणि फडक्यात गुंडाळलेली अन्नपूर्णा.

 वैशालीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग नळाकडे, जिथून वहिनी ओल्या हातांनी येत होत्या. वहिनींनी उघडं गाठोडं पाहिलं आणि म्हणाल्या, हे कशाला सोडलं, ते तर मायचं बोचकं, आज अमावास्या नाही का. मग म्हणाल्या, आणि डबा?

डब्याचं सगळं तिथेच बाहेर आलं. मी कोणाला काय सांगितलं होतं ते एकेक करून, सगळ्यांसमोर. दादाने तर गाडी आपण ठरवली हेही तेव्हाच ऐकलं. माझे कान तापले होते. पण मला ते सगळं लांबून ऐकू येत होतं. मी मायला विचारलं, बोचकं इथवर कशाला आणलंस. घरीच ठेवायचं, संध्याकाळी आणलं असतं.

माय अन्नपूर्णा परत फडक्यात गुंडाळत होती. वर न बघता म्हणाली, "सकाळले त्या घरनी पाळी सरनी. सांजले तुन्ही लागी. मधला दिन मी कोन्हाकडेच नही. मंग बोचकं कोठे ठेवू?"

तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. भाजीत मीठ किती टाकायचं हे सांगावं तसं सांगितलं. म्हणूनच मी गोंधळलो. रडली असती तर पाया पडलो असतो. रागावली असती तर ऐकून घेतलं असतं. वेळापत्रक मी केलं होतं, त्यात एकही तास रिकामा सोडला नव्हता असं मला वाटत होतं. तिने मला त्यातला रिकामा दिवस दाखवला, आणि पुन्हा गाठ मारायला लागली. दर अमावास्येला असा एक दिवस येत असणार. त्या दिवशी ती सकाळपासून काय करत असेल, कुठे बसत असेल, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मी दादाकडे पाहिलं. तो सतरंजीची दशी बोटाला गुंडाळत होता.

वातावरण सलीमभाईंनी हलकं केलं. त्यांनी आपला डबा सतरंजीवर आणून ठेवला. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, लसणाची चटणी, कांदा. म्हणाले, "एकला माणूससाठे इतलं बांधी देस मन्ही घरवाली. तिले वाटस मी रस्तामा दुसरं घर करेल शे." वैशाली हसली, मग वहिनी हसल्या. भाकरी सगळ्यांना अर्धी अर्धी आली, पोरांना थोडी जास्त. टपरीवरून वेफर आणले. भूक भागली नाही.

तेव्हा दादा उठला, गाडीतून हत्तीचा ऊस काढून आणला आणि गुडघ्यावर मोडायला लागला. ऊस विहिरीजवळच्या तुकड्यातला, वाटणीत त्याच्याकडे गेलेला. लहानपणी आम्ही दोघं त्याच तुकड्यात दिवसभर ऊस खात बसायचो. त्याने एक कांडं पोरांना दिलं, एक बायकांकडे, एक सलीमभाईंना. मायला दात नाहीत. तिच्यासाठी त्याने खिशातला चाकू काढून कांडं सोललं, बारीक गंडेऱ्या केल्या आणि एकेक तिच्या हातावर ठेवत राहिला. मग उरलेलं कांडं माझ्याकडे न बघता माझ्यापुढे धरलं.

"खाय. हत्ती समजीसन."

मी खाल्लं. रस हातावरून कोपरापर्यंत आला. पोरं चोथा कोणाचा लांब जातो हे बघत होती. याला जेवण म्हणायचं की नाही, दादा माझ्यासोबत जेवला की मी त्याचं खाल्लं, हे मी खाता खाता ठरवत होतो. भाकरी सलीमभाईंची, ऊस दादाचा, सतरंजी क्रुझरची. माझं त्यात काहीच नव्हतं. आणलं होतं फक्त सगळ्यांना.

परत कळसाडी

येताना सगळे झोपले. माय जागी होती. नंदुरबारनंतर तिने कनवटीची डबी काढली, तर्जनीने मशेरी घेतली, हिरड्यांवर फिरवली आणि डबी पुन्हा कनवटीला खोचली. मी मागून बघत होतो. तिला काही बोलावं असं वाटत होतं. 

गल्लीच्या तोंडाशी सलीमभाईंनी गाडी हळू केली आणि विचारलं, मायला कोणत्या दाराशी सोडू. रीतीने आमच्या दाराशी. पण मी बोललो नाही, आणि दादाही बोलला नाही. इंजिन नुसतं सुरू राहिलं. मग मायनेच पाराजवळ थांबवायला लावलं. उतरली. बोचकं वैशालीच्या हातात दिलं. घरी न्यायला ते आजवर तिने कोणाच्या हातात दिलं नव्हतं.

"आज माले ओमजोडे झोपनं शे," ती म्हणाली, आणि ओमचा हात धरून जुन्या घराकडे चालू लागली. वहिनी मागोमाग गेल्या. वैशाली बोचकं छातीशी धरून तिथेच उभी होती.

पाळीने माय आमच्याकडे यायची होती आणि तिकडे गेली होती. बोचकं तिकडचं होतं आणि इकडे आलं होतं. वैशालीने विचारलं, म्हणजे आता कसं समजायचं? मी म्हणालो, मला माहीत नाही. त्या दिवसातलं माझं हे पहिलं खरं वाक्य असावं. ते बोचकं आम्ही न सोडता देवघरापाशी ठेवलं.

सकाळी मी शाळेची तयारी करत होतो. दारात दादा उभा होता. उंबऱ्याच्या बाहेर, चपला घालूनच. घर बांधलं तेव्हापासून तो त्या दारात पहिल्यांदा आला होता. घसा खाकरून त्याने आत बघितलं, छताकडे, मग भिंतीकडे, विटांचं काम तपासावं तसं.

"मायनी मशेरीनी डबी ऱ्हाई गई बोचकामा," तो म्हणाला. "तिन्ही धाडं माले."

डबी तिच्या कनवटीला होती. काल रात्री गाडीत मी स्वतः बघितली होती. ती विसरली, की तिने मुद्दाम धाडलं, की दादालाही ठाऊक होतं आणि तोही माझ्यासारखाच खोटं निमित्त धरून आला होता, हे मला त्या क्षणी कळलं नाही आणि अजूनही कळलेलं नाही. वैशालीने त्याच्याकडे बघून म्हटलं, "दादा, बसा ना. देखतस ते." आणि ती चहा ठेवायला आत गेली. दादाने चपला काढल्या.

मी बोचक्यापाशी बसलो, गाठ सोडली, आणि शोधायला लागलो. लुगडी झटकली, वाकळ उलगडली, शालीच्या घड्या पुन्हा पुन्हा चाचपल्या. मागे खाट करकरली, म्हणजे तो बसला. मी शोधत राहिलो. चहा उकळेपर्यंत शोधत राहिलो.